पाट रिकामा आणायचा नाही

धाकू मेस्त्रीच्या पोटात गोष्ट म्हणून राहायची नाही. सकाळी नळावर ऐकलेलं दुपारच्या आत जोगेश्वरीच्या गुंफेच्या पायऱ्यांपर्यंत पोचवल्याशिवाय ह्या माणसाला जेवण गोड लागत नाही, असं त्याची बायको रुक्मिणी म्हणायची, आणि रुक्मिणी कधी वाढवून बोलायची नाही. त्यातून गोष्ट नंदूची असली तर विचारूच नका. नंदू म्हणजे नंदकिशोर, त्यांचा एकुलता एक मुलगा, एअरफोर्समध्ये हेलिकॉप्टरचा फिटर. त्यांच्या मोरजकर चाळीत नंदूचं हेलिकॉप्टर ठाऊक नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं. विमानतळ हाकेच्या अंतरावर, दिवसभर डोक्यावरून विमानं जायची. धाकू मान वर करायचा आणि जो कोण शेजारी असेल त्याला म्हणायचा, "ही काय रे, मोठ्या रस्त्यावरची बस. आमचं मशीन बघ, डोंगराच्या शेंडीवर उतरतं."

'आमचं मशीन'. शब्द नंदूच्या पत्रातला. तिकडे पायलट बदलतात, साहेब बदलतात, पण मशीन ज्या फिटरच्या हाती दिलं त्याचं ते होऊन जातं, असं नंदूने एकदा लिहिलं होतं. दसऱ्याला त्याने मशीनच्या दाराला झेंडूचं तोरण बांधलं, हेही लिहिलं होतं. तेवढ्या दोन ओळींवर धाकूने अख्खी दिवाळी काढली.

त्याला एवढं कौतुक कशाचं, ते सांगायला हवं. धाकू स्वतः जन्मभर परळच्या एका गिरणीत साच्यांचा फिटर होता. कापड विणायच्या यंत्राला गिरणीत साचा म्हणतात. त्याच्या खात्यातला साचा बंद पडला तर ह्याला घरी ताप यायचा. ब्याऐंशीला संप झाला तेव्हा सगळे घोषणा देत बाहेर पडले आणि हा मात्र मागे राहिला. आपल्या साच्यांना तेल देत, फडक्याने पुसत बसला. पंधरा दिवसांत परत यायचंय, तोवर गंज नको चढायला, म्हणाला. लोक हसले. परत कोणी गेलंच नाही. गिरणीला टाळं लागलं ते लागलं. पुढे एकदा कुर्ल्याच्या भंगार गल्लीत गेला असताना त्याला आपल्या साच्याचं चाक दिसलं. त्यावर त्याने स्वतः तांबड्या रंगात घातलेली खूण होती. गॅस कटरने साचा कापून तुकडे विकायला मांडले होते, आणि त्या चाकावर कोणीतरी चहाचे ग्लास ठेवले होते. धाकू घरी आला तो दोन दिवस जेवला नाही. सगळ्या जगाला सगळं सांगणाऱ्या माणसाने ही एक गोष्ट फक्त बायकोला सांगितली.

आता तो गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून शिलाई मशिनं दुरुस्त करायचा आणि नंदूच्या मशीनवर जगायचा.

तर त्या वर्षी, शहाऐंशीला, नंदू दोन वर्षांनी गणपतीत रजेवर येणार असं कळलं आणि धाकूच्या अंगात संचारलं. डालड्याचे डबे कापून त्याने हेलिकॉप्टर केलं. त्याला शिलाई मशीनची मोटर बसवली आणि ते घरच्या गणपतीच्या वर आढ्याला टांगलं. बटण दाबलं की पाती गरगर फिरायची आणि पोटातून देवाच्या डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या पडायच्या. चाळच काय, पलीकडच्या श्यामनगरातून लोक बघायला यायचे. रुक्मिणी म्हणाली, "देवाच्या डोक्यार लोखांड कित्याक टांगलात?" पण ऐकतो कोण. पाचव्या दिवशी संध्याकाळी चाळीचा सत्यनारायण असायचा. त्यात नंदूचा सत्कार करायचा हेही ठरलं. मंडळाचा सेक्रेटरी शिवदास, त्याने फळ्यावर रंगीत खडूने झकास लिहिलं: 'आमच्या चाळीचे सुपुत्र नंदकिशोर मेस्त्री यांचा जाहीर सत्कार'. धाकू दिवसातून चारदा फळ्यासमोरून जायचा.

नंदू तिसऱ्या दिवशी दुपारी आला. काळाठिक्कर पडलेला, गालांची कातडी सोललेली, पण ताठ. देवाला नमस्कार केला, आईला मिठी मारली. बापाने लगेच बटण दाबलं. टिनचं हेलिकॉप्टर फिरायला लागलं, पाकळ्या पडल्या.

"झकास आहे, बाबा," नंदू म्हणाला. पण मान खाली घालून म्हणाला, आणि ते धाकूच्या ध्यानात आलं नाही. ज्याच्या कौतुकात माणूस बुडालेला असतो त्याचा चेहरा त्याला कधी दिसत नाही.

पानावर बसल्या बसल्या धाकूने विचारलं, "काय म्हणतं आपलं मशीन?"

नंदूचा हात वरणभातातच थांबला. "ते नाही आता, बाबा."

"नाही म्हणजे? दुसरीकडे दिलं?"

"जाळलं. मी जाळलं."

रुक्मिणी हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. नंदू हळूहळू सांगत गेला. वर बर्फात एका चौकीवर उतरताना वाऱ्याने मशीन फेकलं गेलं, शेपूट मोडलं. पायलट वाचले. तिथे रस्ता नाही, क्रेन नाही, माणसालाच श्वास पुरत नाही. हवा बिघडत चालली होती, आणि पलीकडच्या कड्यावरून शत्रूची नजर होती. नंदूला आणि आणखी दोघांना वर सोडलं. हुकूम असा की जे काढता येईल ते काढा आणि उरलेलं संपवा.

"आणि कुठे, काय, कसं, हे बाहेर बोलायचं नाही, बाबा. घरात म्हणून सांगितलं."

धाकूने त्यातलं किती ऐकलं कोण जाणे. त्याच्या कानात एकच शब्द घण घातल्यासारखा वाजत होता. "जाळलंस," तो म्हणाला. "दुरुस्त करता येईना म्हणून जाळलंस. फिटर ना रे तू? संपाच्या वेळी काही टाळकी म्हणत होती, साच्यात खिळे टाकूया, मालकाची खोड मोडूया. मी दारात आडवा उभा राहिलो होतो. मार खाल्ला होता मी. मशीन लक्ष्मी असते म्हणून. आणि माझ्याच पोटचा पोर तिला काडी लावून येतो."

"हुकूम होता, बाबा."

"हुकूम साहेबाचा. हात कोणाचा?"

नंदूने पान संपवलं, कारण आईने वाढलेलं टाकायची त्याला सवय नव्हती, आणि हात धुऊन तो ओटीवर जाऊन बसला. वर्षभर त्याने ही गोष्ट मनात दाबून ठेवली होती ती बापासमोर मोकळी करायची म्हणून. दुसरा कोणी ऐकून काय समजणार, बाबांना समजेल, असं त्याला वाटलं होतं. ते त्याने रुक्मिणीला सांगितलं, आणि धाकू आतून ऐकत होता, तरी उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू फळ्यासमोर गेला आणि ओल्या पंच्याने नंदूची ओळ पुसून टाकली.

शिवदास धावत आला. "मेस्त्री, अरे वाट लावलीस तू. नारळ, शाल सगळं आणून झालंय, पाहुण्यांना सांगून झालंय. काय झालं काय?"

"सत्कार नको."

"का नको?"

"नको म्हटलं ना."

धाकू मेस्त्रीने एखाद्या गोष्टीचं कारण सांगितलं नाही, असं चाळीत पहिल्यांदाच घडत होतं. आता बोलका माणूस गप्प बसला की लोक त्याच्या वाटचं बोलायला लागतात. दुपारी नळावर कुजबुज सुरू झाली. संध्याकाळी वनमालाबाईंनी रुक्मिणीला सरळ विचारलं, "नंदूला काढून टाकलं म्हणतात ते खरं का गं? काही चोरीबिरीची भानगड..." रुक्मिणीने कळशी तिथेच ठेवली आणि घरी आली.

"इतकी वर्षां गावभर बोंब मारलात," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि आता गप रवलात. तुमच्या गप रवण्यान माझ्या झिलाक चोर ठरवल्यानी. कळता तुमका?"

धाकूला ते लागलं. पण लागलं म्हणून मान खाली घालील तर तो धाकू कसला. त्याला वेगळाच राग आला. पाचव्या दिवशी सकाळी त्याची नजर आढ्याकडे गेली. संध्याकाळी सत्यनारायणाला आलेले लोक घरचा गणपती बघायला येणार, ते टिनचं हेलिकॉप्टर बघणार आणि गालातल्या गालात हसणार. त्यापेक्षा ते खाली काढलेलं बरं. नंदू आंघोळीला गेला होता. रुक्मिणी चुलीपाशी. धाकू स्टुलावर चढला आणि रागारागाने तार सोडवायला लागला. हाताखालून हजारो स्क्रू गेलेला माणूस, पण रागाच्या हाताला अंदाज नसतो. तार सुटली ती एकदम सुटली. मोटरसकट हेलिकॉप्टर खाली आलं आणि त्याच्या पात्याने गणपतीचा आशीर्वादाचा हात मनगटातून उडवला.

आवाज ऐकून रुक्मिणी आली. नंदू ओल्या अंगाने आला. धाकू स्टुलावरच होता, हातात तार धरून.

मग त्याने जे केलं ते फक्त धाकूच करू शकला असता. खाली उतरला, हाताचा तुकडा उचलला, टेबलाच्या खणातून अ‍ॅरल्डाइटच्या दोन नळ्या काढल्या आणि काचेच्या तुकड्यावर मिसळायला लागला. "दहा मिनिटात बसवतो," तो म्हणाला. "सांधा दिसणार नाही. कोणाला कळणार पण नाही."

"देवाक गोंद लावतास?" रुक्मिणी म्हणाली.

"मोडलंय ते बसवायचं नाही तर काय करायचं?"

"मेस्त्री म्हणान तुमका सगळाच बसवूचा असता." ती रागावली नव्हती, तिचा आवाज दबलेला होता. "प्राण घातलो होतो त्याच्यात. भंगल्यावर पुजूक चलणा नाय, आणि तसोच ठेवूकय चलणा नाय. दहीभात दाखवा, अक्षता घाला, पोचवा. कोणाच्या पायाखाली येता नये."

धाकूने मूर्तीकडे पाहिलं. एवढासा हात गेलेला, बाकी सगळी जशीच्या तशी. डोळे काय सुंदर रंगवलेले. गौरींबरोबर जायचा देव, अजून दोन दिवस होते. पण रुक्मिणी म्हणाली ते खरं होतं, आणि त्याच्या बापानेही गावी हेच केलं असतं. त्याने काचेवरचं अ‍ॅरल्डाइट पुसलं. सोवळं नेसला. दहीभाताचा नैवेद्य झाला. मग तो पाटासमोर बसला आणि उत्तरपूजा करायला लागला.

आधी दागिने काढायचे. चांदीचा मुकुट, त्याच्या आज्याने घडवून घेतलेला. मग चांदीच्या दुर्वा. मग जास्वंदीचं चांदीचं फूल. हे बुडवायचं नसतं, पुढच्या वर्षीच्या मूर्तीला चढवायचं असतं. एकेक वस्तू तो रुक्मिणीच्या ओंजळीत देत होता. दर वर्षी देत होता. ह्या वर्षी मुकुट काढताना त्याचे हात मध्येच थांबले.

"नंदू," तो म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याने नाव घेतलं. "तू काय काय काढलंस रे त्याच्यातून?"

नंदूला आधी कळलं नाही. मग कळलं. तो दाराशी उभा होता, तो खाली बसला.

"रेडिओ काढला," तो म्हणाला. "पायलटसमोरच्या काट्यांच्या तबकड्या काढल्या सगळ्या. बॅटरी. दोन पंप. जेवढं पाठीवर येईल तेवढं. हातमोजे घालून स्क्रू फिरत नाहीत, आणि काढले की बोटं बधिर. पाना हातातून सुटायचा. पण एकही वस्तू तोडून नाही काढली, बाबा. सगळी खोलून काढली."

"आणि त्या वस्तू?"

"दुसऱ्या मशीनमध्ये बसल्यात. उडतायत."

"उरलेलं तसंच ठेवलं असतं तर?"

"तर दुसऱ्यांनी येऊन खोललं असतं. तुकडे करून नेले असते. फोटो काढले असते त्याच्यावर पाय ठेवून. आमचे साहेब म्हणाले, मेस्त्री, तू मागे हो, दुसरा कोणी करील. त्यांना माझी दया आली असणार. मी म्हटलं, साहेब, मशीन माझं आहे. दुसऱ्याचा हात लागायचा नाही. तेल मीच ओतलं. काडी मीच लावली."

धाकूच्या डोळ्यांसमोर कुर्ल्याची ती गल्ली आली. तांबडी खूण आणि त्यावरचे चहाचे ग्लास. साच्यांना तेल देऊन, पुसून, सोडून तो निघून आला होता, आणि मग कोणी परक्याने येऊन त्यांचे तुकडे केले होते. तेव्हापासून त्याच्या छातीत एक गाठ होती, आणि त्याला वाटायचं की ती रागाची आहे. ती लाजेची होती. आणि इथे त्याचा पोरगा, ज्याने आपल्या मशीनला तशी गत येऊ दिली नाही.

"नमस्कार केला होतास?" त्याने विचारलं.

"केला."

"बरं केलंस," धाकू म्हणाला. "बापाला जमलं नाही ते केलंस रे झिला. मी उगाच तोंड टाकलं." मुकुट त्याने रुक्मिणीच्या हातात दिला, अक्षता वाहिल्या, आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवली.

भर दुपारी ते श्यामनगरच्या तलावावर गेले. मूर्ती नंदूने घेतली, तुटलेला हात धाकूने ओंजळीत घेतला. वाटेत विचारणाऱ्यांना रुक्मिणीने सरळ सांगितलं, देवाचा हात दुखावला, पोचवतो आहोत. मूर्ती पाण्यात गेली, मागोमाग धाकूने हात सोडला. पाट मोकळा झाला तसा त्याने काठची ओंजळभर वाळू उचलून त्यावर ठेवली. देव पोचवून येताना पाट रिकामा आणायचा नाही, कोकणातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

घरी पाट देवाच्या जागी ठेवून आरती झाली. आरती संपल्यावर नंदू उठला, आपल्या ट्रंकेतून त्याने तपकिरीची एक जुनी डबी आणली, आणि पाटावरच्या वाळूशेजारी उलटी केली. करड्या रंगाची खडी होती, अगदी मूठभर.

"हे काय?" रुक्मिणीने विचारलं.

"तिथली आहे. मशीनच्या शेजारची, बर्फाखालची. निघताना उचलली." नंदू थोडा लाजला. "साहेब विचारत होते, दगड कशाला घेतोस. म्हटलं, आमच्यात रिकाम्या हाताने परतायचं नसतं."

धाकू त्या खडीकडे बघत राहिला. त्याने तिला बोटाने शिवून पाहिलं. त्याने ह्या पोराला पाना धरायला शिकवला होता. हे त्याने शिकवलं नव्हतं, पोराने नुसतं बघून घेतलं होतं. अभिमानाने त्याची छाती इतकी भरून आली की त्याला तिथे बसवेना. तो सोवळ्यातच उठला, पायांत चपला न घालता फळ्यापाशी गेला, खडू घेतला आणि पुसलेली ओळ आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात पुन्हा लिहिली.

"आता काय झालं?" शिवदास म्हणाला.

"शाल आण," धाकू म्हणाला. "मी घालणार. आणि मला माइक पाहिजे."

संध्याकाळी पटांगण भरलं होतं. सत्यनारायणाला आलेले होते तेवढेच मेस्त्र्यांच्या पोराची भानगड ऐकायला आलेले होते. वनमालाबाई पुढेच बसल्या होत्या. धाकूच्या हातात माइक म्हणजे तासाभराची निश्चिंती, म्हणून पोरंटोरं आधीच उठायच्या बेतात होती. नंदू बापाकडे काळजीने बघत होता, कारण बाहेर बोलायचं नाही असं त्याने सांगितलं होतं, आणि बापाला तो जन्मापासून ओळखत होता.

धाकूने माइक धरला. एक विमान डोक्यावरून गेलं. ते जाईपर्यंत तो थांबला आणि त्याने मान वर केली नाही.

"माझ्या मुलाला कोणी काढलेलं नाही," तो म्हणाला. "तो पुढल्या आठवड्यात परत जातो, नव्या मशीनवर. त्याने काय केलंय ते मला ठाऊक आहे. ते मी सांगणार नाही."

शिवदास तोंड उघडून बघत राहिला.

"एवढंच सांगतो. माझी मशिनं मी मागे ठेवून आलो, आणि ती परक्यांनी कापली. ह्याने आपल्या मशीनला शेवटपर्यंत दुसऱ्याचा हात लागू दिला नाही."

माइक खाली ठेवून त्याने शाल उलगडली, नंदूच्या खांद्यावर घातली आणि दोन्ही हातांनी नीट सारखी केली. टाळ्या कोणी सुरू केल्या ते कळलं नाही, पण त्या लवकर थांबल्या नाहीत. बायकांत बसलेल्या रुक्मिणीने पदराने डोळे पुसले आणि शेजारच्या वनमालाबाईंना म्हणाली, "बघलास गो, रवली एकदाची गोष्ट तेंच्या पोटात."

आणि ती राहिली. पुढे कितीतरी दिवस शिवदास रोज नळावर विचारायचा, सांग ना यार मेस्त्री, नक्की काय केलं पोराने. धाकू कळशी भरायचा, खांद्यावर घ्यायचा आणि ताठ मानेने घराकडे चालू लागायचा.